घोट्यातला राखणदार

एकदा एक वृद्ध आचार्य नदीकाठच्या एका गावी लोकांचे पाय बरे करीत असत. पाय म्हणजे प्रामुख्याने घोटे. एवढ्याशा दोन सांध्यांवर माणसाचा सारा देह आणि शिवाय त्याचा अहंकारही उभा असतो, याचे आचार्यांना कौतुक वाटे आणि थोडी धास्तीही वाटे. त्यांच्याकडे लेप आणि काढे फारसे नसत. ते माणसाला चालायला लावीत, टाचा उचलायला लावीत, पायाच्या बोटांनी जमिनीवरचे फडके गोळा करायला लावीत आणि घरी जाऊन हेच रोज करा म्हणून बजावीत. आज आपण ज्याला फिजिओथेरपी म्हणतो आणि दोन दिवस करून तिसऱ्या दिवशी कंटाळतो, तेच हे. त्या काळचे लोकही तिसऱ्या दिवशीच कंटाळत.

आचार्यांच्या अंगणात वाळूची एक वाट होती, वीस-बावीस पावले लांब. रोज सकाळी तिच्यावर पाणी शिंपडून ती फळीने सपाट करायची, असा तिथला रिवाज होता. आलेल्या माणसाने काही बोलण्यापूर्वी अनवाणी त्या वाटेवरून चालत जायचे आणि शिष्यांनी उमटलेली पावले वाचायची. आचार्य म्हणत, "कुठं दुखतं ते माणूस सांगतो. का दुखतं ते त्याचं पाऊल सांगतं."

आणि खरोखरच पावले बोलत. दिवसभर भट्टीपुढे उभ्या राहणाऱ्या हलवायाचा तळवा वाळूवर सबंधच्या सबंध उमटे, मध्ये कमान म्हणून नाहीच. हौसेपायी तोकड्या वहाणा घालणाऱ्याची बोटे एकमेकांना बिलगलेली दिसत. ज्याचा घोटा पूर्वी मुरगळून अर्धवट बरा झालेला असे, त्याचे पाऊल बाहेरच्या कडेवर कलते पडे. एखाद्याला चार पावलेही टेकवता येत नसत. तो हाडाला हात लावू देत नसे. त्याला आचार्य वाळूवर चालवीतच नसत, डोलीत बसवून सरळ हाडवैद्याकडे धाडीत.

आचार्यांचे दोन शिष्य होते. थोरला मार्तंड. नऊ वर्षे त्यांच्यापाशी राहिलेला, बुद्धीने तीक्ष्ण, हाताने चपळ. धाकटा दाजिबा, चार वर्षांपूर्वी आलेला. तो सावकाश बोले, सावकाश शिके आणि रोग्याचा पाय मांडीवर घेऊन त्याला आधी घरची विचारपूस करी. म्हणे, "माळा चढावा लागतो का हो? पाणी कोण भरतं?" मार्तंडाला हा वेळेचा अपव्यय वाटे. पण लोकांचे काय सांगावे! ते दाजिबाच्या ओसरीपुढे बसून राहू लागले.

या गोष्टीला आता एक निकड आली होती. आचार्यांनी माघ महिन्यात सांगून टाकले होते, "पाडव्याला मी धाकट्या भावाच्या गावी जाईन. तिथंच राहीन. माझ्या चौरंगावर कोणी बसायचं ते त्या दिवशी सांगेन." रोग्यापुढे बसण्यासाठी आचार्यांचा एक बुटका सागवानी चौरंग होता. नऊ वर्षे मार्तंड तो सकाळी पुसून ठेवीत आला होता. तो आपलाच आहे, याविषयी त्याला शंका नव्हती. दाजिबा आल्यापासून ती उत्पन्न झाली आणि दिवसेंदिवस वाढत गेली.

मत्सर माणसाला मोठा उद्योगी करतो. मार्तंड सकाळपासून मोजू लागला, आज किती जणांनी "दाजिबा आहेत का?" म्हणून विचारले. अकरा. काल नऊ होते. आपल्याकडे आलेल्यांपैकी दोघांनी तर दाजिबा रिकामा नाही असे कळल्यावर नाइलाजाने पाय पुढे केला होता, हेही त्याने टिपून ठेवले. दाजिबा हसला की कशाला हसला, आणि आचार्य त्याच्याशी हळू बोलले की काय बोलले, याचा तो रात्रंदिवस विचार करी. एकदा दाजिबाने बरा केलेल्या पाथरवटाचा घोटा पुन्हा सुजला. तेव्हा मार्तंडाला आनंद झाला, अगदी पोटातून आनंद झाला. तो गरीब माणूस लंगडत अंगणात शिरत होता आणि बरे करणारा हा शहाणा मनात सुखावत होता. त्या दिवशी त्याला स्वतःची लाज वाटली, पण ती फार वेळ टिकली नाही.

मग एके सकाळी तो गरम पाण्याचे घंगाळ घेऊन ओसरीच्या पायऱ्या उतरत होता. ओसरीवर गावोगाव बांगड्या भरत हिंडणारी कासारीण बसली होती. ती शेजारणीला सांगत होती, "मी म्हणते, दाजिबाच्या हाताला यश आहे बाई. थोरले हुशार आहेत, पण ह्याची सर नाही."

मार्तंडाची मान वळली. डोळे ओसरीकडे आणि पाय पायरीकडे. शेवटची पायरी चुकली, उजवे पाऊल आत मुडपले आणि घोट्याच्या बाहेरच्या बाजूला काहीतरी कळवळून ताणले गेले. घंगाळ खणखणत अंगणात गेले.

"दादा, लागलं का?" दाजिबा धावत आला.

"पाणी सांडलं," मार्तंड म्हणाला. "दुसरं काही नाही. तू तुझं काम बघ."

तो भिंतीला धरून खोलीत गेला आणि त्याने दार लावून घेतले. आता पुढचे ऐका. ज्याने नऊ वर्षांत शेकडो लोकांना बजावले असेल की पाय नुकता मुरगळलेला असताना चोळायचा नाही, शेकायचा नाही, गार पाण्याची घडी ठेवायची, पट्टी बांधायची, उंचावर ठेवून विसावा द्यायचा आणि कळ ओसरू लागली की सांधा हळूहळू हलवायचा, त्याने स्वतः काय केले? तेल ऊन करून तो घोटा खसाखसा चोळला. वर गरम पोटीस बांधले. आणि तासाभराने घट्ट पट्टी आवळून, वर धोतर सोडून, हसतमुखाने बाहेर येऊन उभा राहिला. कारण एकच. आपण आठ दिवस पडून राहिलो, तर आपले रोगी दाजिबाकडे जातील आणि पुन्हा परत येणार नाहीत.

पायाचा वैद्य पायच लपवू लागला, तर त्या अंगणात एकच अडचण होती. वाळू. पण मार्तंडाने तीवरही तोड काढली. वाळू सपाट करण्याचे काम पाळीपाळीने असे. त्याने ते रोज स्वतःकडे घेतले. फळी ओढत तो उलटा चाले आणि आपलीच पावले आपणच पुसत जाई. एरवी दिवसभर तो भिंतीच्या कडेने फरसबंदीवरून जात असे. लोक म्हणाले, "पाहा, थोरला असूनही कसं हलकं काम करतो!" ही स्तुती ऐकून त्याला बरे वाटले. बऱ्याच दिवसांनी कुणीतरी त्याच्याविषयी बोलले होते.

तीन आठवडे गेले. सूज उतरली, पण घोटा काही आपला झाला नाही. कधी सपाट जमिनीवरही तो अकस्मात कलंडे. दोनदा पुन्हा मुरगळला. दोन्ही वेळा मार्तंडाने दात आवळून तेल चोळले.

एके दिवशी दुपारी आचार्यांनी त्याला हाक मारली. वाळूच्या एका कडेला पावलांची एक ओळ उमटलेली होती. आचार्य म्हणाले, "मार्तंडा, वाच बरं. कापडाचे व्यापारी येणार होते आज."

हा व्यापारी मार्तंडाचा जुना रोगी. दुखणे थांबले की व्यायाम थांबवणारा आणि घोटा मुरगळला की पुन्हा उगवणारा. मार्तंड उत्साहाने पुढे झाला. दाजिबाही पाहत होता, म्हणून त्याने आवाज थोडा चढवला.

"उजवा घोटा. जुनी मुरगळ. उजवं पाऊल बाहेरच्या कडेवर पडतंय आणि अंगठा टेकतच नाही. डाव्या पायावर सगळा भार. असंच चाललं तर चार महिन्यांत डावा गुडघा बोलायला लागेल आणि मग कंबर."

"आणखी?"

मार्तंड वाकला. "आणखी म्हणजे, हा माणूस सरळ चालत नाही. दर चार पावलांनी ओळ डावीकडं झुकते. डावीकडं काहीतरी बघत चालतोय. बघेना का, पण असा घोटा घेऊन मान वळवून चालायचं म्हणजे मूर्खपणा. या व्यापाऱ्याला मी हजारदा सांगितलंय, सूज गेली म्हणजे बरं झालं असं नाही. ऐकेल तर शपथ."

आचार्यांनी मान डोलावली. "वाचन अगदी अचूक. एक शब्द चुकला नाही." मग ते हळूच म्हणाले, "पण व्यापाऱ्याचा निरोप आलाय. ते आज आलेच नाहीत."

मार्तंडाने पुन्हा खाली पाहिले. ओळीच्या डाव्या हाताला दाजिबाची ओसरी होती. तासाभरापूर्वी तिथून हसण्याचा आवाज आला होता आणि कोण कुणाची स्तुती करते आहे ते ऐकण्यासाठी तो स्वतः अंगण ओलांडून गेला होता. सारे लक्ष कानांत होते. पायाखाली फरसबंदी आहे की वाळू, याचे भानच नव्हते. त्याच्या कानशिलांवर रक्त चढले. दाजिबापुढे, तेही दाजिबापुढे! धरणीने पोटात घेतले तर बरे, असे त्याला वाटले.

आचार्य रागावले नाहीत. पण त्यांनी जे केले ते रागावण्यापेक्षा वाईट होते. ते म्हणाले, "दाजिबा, आजपासून याचा पाय तुझ्याकडं. आणि याचे रोगीही."

त्या दिवसापासून मार्तंडाची जी अवस्था झाली, ती ज्याने कुणाचा मनापासून हेवा केला आहे त्यालाच कळेल. ज्याचे तोंड पाहू नये असे वाटे, त्याच्याच मांडीवर पाय ठेवून बसायचे. दाजिबा विचारी, "दादा, इथं दाबलं तर दुखतं?" आणि मार्तंड म्हणे, "नाही." दाजिबा पुन्हा हळूच दाबी आणि मार्तंडाचे बोट चटईत रुते. मग दाजिबा काही न बोलता हात काढून घेई. त्याचे हे न बोलणेही मार्तंडाला सहन होत नसे. पण नऊ वर्षांची विद्या खोटी नव्हती. पंचा तळव्याला अडकवून पाऊल आपल्याकडे ओढायचे, दोरीच्या ताणाविरुद्ध ते चारही दिशांना ढकलायचे, भिंतीला धरून टाचा उचलायच्या आणि सावकाश खाली आणायच्या, हे सारे तो करू लागला. पंधरा दिवसांत ठणका गेला.

तेव्हा आचार्यांनी त्याला वाळूत उभे केले. "आता उजव्या पायावर उभा राहा. एकट्या. शंभर मोजेपर्यंत."

आणि मग त्यांनी एक विलक्षण गोष्ट केली. स्वतःचा सागवानी चौरंग उचलून आणला, मार्तंडाच्या डाव्या हाताला पाच पावलांवर ठेवला आणि दाजिबाला म्हणाले, "तू इथं बसून लोकांचे पाय बघ."

दाजिबा गांगरला. "गुरुजी, तुमच्या चौरंगावर?"

"बस म्हटलं ना."

मार्तंडाने एक पाय उचलला. दहा मोजले, वीस मोजले. तेवढ्यात शेजारून कुणी म्हणाले, "देवमाणूस आहात हो." मार्तंडाचे डोळे वळले आणि तो कलंडला. पुन्हा उभा राहिला. हलवायाने दाजिबाला पेढ्यांचा पुडा दिला. मार्तंड कलंडला. दुसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशीही तेच. चाळिसाच्या पुढे आकडा जाईना. सहाव्या दिवशी त्याचा संयम सुटला.

"गुरुजी," तो म्हणाला, "चौरंग त्याला द्यायचा असेल तर देऊन टाका. पण रोज माझ्या डोळ्यांपुढं मांडून माझी विटंबना कशाला? याला उचला इथून, म्हणजे मी दोनशे मोजून दाखवतो."

आचार्य त्याच्याजवळ वाळूत बसले आणि त्यांनी त्याच्या घोट्यावर हात ठेवला.

"मार्तंडा, मुरगळल्यावर काय ताणलं जातं ते तू लोकांना सांगतोस. पण ह्याच्या आत एक राखणदार असतो, तो विसरलास. पाऊल कुठं पडलं, किती कललं, हे तो आपल्याला न विचारता सांभाळतो. घोटा मुरगळला की तो राखणदार भांबावतो. सूज जाते, कळ जाते, पण तो जागा होत नाही. म्हणून बरा झालेला घोटा पुन्हा पुन्हा दगा देतो. एका पायावर उभं राहायचं ते त्याला जागं करण्यासाठी. आणि उभं राहताना नजर समोर एका जागी ठेवायची, हेही तूच शिकवतोस ना?"

"हो."

"मग सहा दिवस तुझी नजर कुठं आहे? दाजिबाला मी उचलीन रे. पण गावात तो असणार, बाजारात असणार, तो नसेल तिथं दुसरा कुणी दाजिबा असणार. किती जणांना उचलायला लावशील? तू पायरी चुकलास तेव्हा पायरी वाकडी नव्हती. तुझी मान वाकडी होती. तुझ्या दुखण्याचं कारण तेवढंच आहे, म्हणून औषधही तिथंच मांडलं."

एवढे बोलून ते उठले. मार्तंड बराच वेळ उभा राहिला, दोन्ही पायांवर. त्याला रडू आले आणि त्याने ते लपवले नाही. मग त्याने समोरच्या कोनाड्यातल्या पणतीवर नजर लावली आणि उजवा पाय रोवला. डावीकडून आवाज येतच होते. ते त्याला ऐकू येत, टोचतही. मत्सर काही एका सकाळीत जात नाही. पण मान न वळवता टोचणी सोसणे जमू लागले. त्या दिवशी सत्तर. चार दिवसांनी शंभर. मग डोळे मिटून तीस. मग हातात भरलेले घंगाळ घेऊन.

पाडव्याच्या सकाळी गुढी उभारून झाली. आचार्यांचे गाठोडे बांधलेले होते. त्यांनी मार्तंडाला वाळूवरून चालायला सांगितले. पावले सरळ, एकसारखी, अंगठे नीट टेकलेले. आचार्यांनी नुसते "हं" म्हटले. मग त्यांनी वाटेच्या दुसऱ्या कडेकडे बोट केले. तिथे सकाळीच उमटलेली आणखी एक ओळ होती.

"ही वाच. आणि घाई करू नकोस."

मार्तंड गुडघ्यावर बसला. पहिली आठ-दहा पावले आखूड होती, पुढच्या भागावर खोल आणि टाचेची खूण जेमतेम उमटलेली. पुढे पुढे टाच टेकू लागली होती. "हा माणूस सकाळी उठल्यावर टाच टेकवू शकत नाही," तो सावकाश म्हणाला. "टाचेमागची जाड शीर आखडली आहे. चार पावलं चालल्यावर सैल होते, म्हणून तो दुखण्याकडं दुर्लक्ष करतो. दोन्ही पायांना आहे. बेताबाहेर काम पडलंय. दिवसभर उकिडवा बसतो, उठतो, पुन्हा बसतो. महिन्याभरापूर्वी हे काम एकाएकी दुप्पट झालेलं असणार. विसावा मुळीच नाही. असंच चाललं तर..."

तो थांबला. महिन्याभरापूर्वी त्याचे सारे रोगी दाजिबाकडे गेले होते.

त्याने मान वर केली. दाजिबा खांबापाशी उभा होता. अंग चोरून, एक टाच किंचित उचललेली.

"कधीपासून?" मार्तंडाने विचारले.

"फार नाही दादा. होईल बरं."

"कधीपासून, विचारतोय."

"माघ सरताना... तेव्हापासून."

मार्तंड त्याच्याकडे पाहत राहिला. चार वर्षे तो या माणसाकडे पाहत आला होता. तो किती हसतो, त्याला कोण पेढे देते, आचार्य त्याला काय सांगतात, यातले काही त्याच्या नजरेतून सुटले नव्हते. शेवटचा महिना तर दाजिबा पाच पावलांवर बसत होता, मार्तंडाचा पाय रोज मांडीवर घेत होता. आणि तो लंगडतो आहे, एवढे मात्र मार्तंडाला एकदाही दिसले नव्हते.

आचार्यांनी गाठोडे खांद्यावर घेतले. "मार्तंडा, मला निघायला हवं. तूच सांग, चौरंगावर कुणाला बसवू?"

मार्तंड उठला. त्याने चौरंग उचलून आणला, खांबापाशी ठेवला आणि दाजिबाला दोन्ही खांद्यांना धरून त्यावर बसवले. स्वतः खाली वाळूत बसला आणि त्याची टाच मांडीवर घेतली.

"त्याचं मग बघू, गुरुजी," तो मान वर न करता म्हणाला. "आधी ह्याचा पाय बघू द्या. दाजिबा, इथं दाबलं तर दुखतं? आणि खरं सांग. मी नाही म्हणालो होतो, तसं म्हणू नकोस."

"दुखतं," दाजिबा म्हणाला.

आचार्यांनी खांद्यावरचे गाठोडे सावरले. मग वाळूच्या वाटेवरून चालत फाटकाबाहेर पडले. चौरंग कुणाचा, हे त्यांनी सांगितलेच नाही. गावातले लोक पुढे कित्येक वर्षे त्यावर कधी एकाला बसलेले पाहत, कधी दुसऱ्याला.

ज्याचा आपण हेवा करतो, त्याच्याकडे आपण दिवसातून शंभर वेळा पाहतो. त्यातल्या एका वेळी तरी त्याची पावले कशी पडत आहेत ते पाहावे.